बाखच्या चेलो सुईट : छापील आवृत्त्यांचा इतिहास

योहान सेबास्टियन बाख (1685–1750) याने एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा सुईट आज जगभरच्या चेलोवादकांच्या शिक्षणाचा आणि मैफलींचा कणा आहेत. बाखच्या हयातीत मात्र त्या छापल्या गेल्या नाहीत. पहिली छापील आवृत्ती 1824 साली पॅरिसमध्ये निघाली. तोपर्यंत रचनेला सुमारे शंभर वर्षे आणि बाखच्या मृत्यूला 74 वर्षे होऊन गेली होती. त्यानंतर या सुईटच्या आवृत्त्या सतत निघत राहिल्या आणि त्यांतल्या कोणत्याही दोन अगदी सारख्या नाहीत. बाखच्या हातची मूळ प्रत हरवलेली आहे, आणि उरलेल्या जुन्या नकला एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक संपादकाला काही ना काही ठरवावे लागले. कोणी काय ठरवले आणि ते वाचकाला सांगितले की नाही, यावरून या आवृत्त्यांचा इतिहास लिहिता येतो.

या सुईट साधारण 1717 ते 1723 या काळातल्या मानल्या जातात. तेव्हा बाख क्योथेन इथे राजपुत्र लिओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख होता. दरबार काल्व्हिनपंथी असल्याने उपासनेत विस्तृत संगीताला वाव नव्हता, आणि बाखचे बरेचसे वाद्यसंगीत याच वर्षांत घडले. प्रत्येक सुईटमध्ये सहा भाग आहेत : आरंभी प्रील्यूड, मग अलमांद, कुरांत आणि साराबांद ही नृत्ये, त्यानंतर हलक्या नृत्यांची एक जोडी आणि शेवटी जीग. जोडी पहिल्या दोन सुईटमध्ये मिन्युएटची, पुढच्या दोहोंत बुरेची आणि अखेरच्या दोहोंत गाव्होतची आहे. पाचव्या सुईटसाठी चेलोची सर्वांत वरची तार ‘ए’वरून ‘जी’पर्यंत उतरवून घ्यायची असते. सहावी सुईट तर पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेली आहे. आजच्या चेलोला चारच तारा असतात. म्हणून या दोन सुईट छापताना संपादकांपुढे नेहमीच जास्तीचे प्रश्न उभे राहिले.

वादाचा मोठा भाग स्वरांबद्दल नाही, गजाबद्दल आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीत काही स्वरांच्या डोक्यावर एक कमानदार रेघ काढलेली असते. तिला स्लर म्हणतात. स्लरखाली आलेले सगळे स्वर गजाच्या एकाच ओढीत, न तोडता वाजवायचे असतात. रेघ नसेल तिथे प्रत्येक स्वराला गजाची दिशा बदलते. चार स्वरांच्या गटात स्लर पहिल्या तीन स्वरांवर आहे की दोन-दोनांवर, यावर त्या गटाचा सगळा उच्चार ठरतो. साथीला दुसरे वाद्य नसताना लय आणि स्वरवाक्यांची मांडणी ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचे काम गजावरच येते. म्हणून स्लर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हा या सुईटच्या बाबतीत बारीकसारीक प्रश्न राहत नाही.

अठराव्या शतकातली चार हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्यांतले एक थुरिंजियातल्या ग्रेफेनरोडा गावचा ऑर्गनवादक योहान पेटर केल्नर (1705–1772) याने 1726च्या सुमारास केले. केल्नर बाखच्या संगीताचा आस्थेवाईक संग्राहक होता, पण ही प्रत त्याने बहुधा स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवली. तिच्यात पाचव्या सुईटची साराबांद नाही आणि जीग अर्धवट आहे. दुसरे हस्तलिखित बाखची पत्नी आना माग्दालेना (1701–1760) हिच्या हातचे, साधारण 1727 ते 1731 या काळातले. ते तिने गेओर्ग हाइनरिश लुडविग श्वानेनबेर्गर या दरबारी वादकासाठी लिहून दिले. आना माग्दालेना स्वतः क्योथेन दरबारात गायिका होती. तिचे अक्षर पतीच्या अक्षराशी इतके मिळतेजुळते आहे, की तिच्या हातची काही पाने पूर्वी बाखचीच समजली जात. उरलेली दोन हस्तलिखिते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. त्यांतले एक बर्लिनला आणि दुसरे व्हिएन्नाला आहे. या दोहोंत स्लर आणि अलंकार जास्त भरलेले आहेत, आणि दोन्ही एका हरवलेल्या समान प्रतीवरून उतरलेली असावीत असे अभ्यासक मानतात.

आना माग्दालेनाची प्रत सर्वांत महत्त्वाची मानली जाते, आणि तिने सर्वांत जास्त गोंधळही निर्माण केला. स्वर तिने काळजीपूर्वक उतरवले आहेत, पण स्लर मात्र घाईने काढलेले दिसतात. अनेक ठिकाणी रेघ स्वरांपासून वर किंवा बाजूला सरकलेली आहे, आणि ती दोन स्वरांना कवेत घेते की तीन, हे नक्की सांगता येत नाही. एकाच ओळीत दोनदा येणारी तीच आकृती दोन वेगळ्या स्लरांनी लिहिलेली आढळते. बाखचाच तसा हेतू होता की नक्कल करताना हात घसरला, याचे उत्तर नुसत्या या पानांवरून मिळत नाही. मात्र पडताळ्याचे एक साधन आहे. एकट्या व्हायोलिनसाठी बाखने रचलेल्या सोनाटा आणि पार्तितांची त्याच्या हातची 1720 सालची प्रत टिकली आहे, आणि आना माग्दालेनाने त्यांचीही नक्कल केली होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसते की स्वर उतरवण्यात ती विश्वासार्ह आहे, पण स्लरांची जागा तिच्या हातून वारंवार हलते. चेलोच्या सुईटमध्येही तसेच झाले असणार, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पाचव्या सुईटसाठी आणखी एक आधार आहे : बाखने तीच रचना ल्यूट या वाद्यासाठी बदलून लिहिली, आणि ते त्याच्या हातचे हस्तलिखित ब्रुसेल्सच्या ग्रंथालयात आहे. वाद्य वेगळे असल्याने त्यातले सगळेच चेलोला लागू पडत नाही, पण संशयित स्वर तपासायला ते उपयोगी पडते.

बाखच्या मृत्यूनंतर या सुईट विस्मृतीत गेल्या असे सरसकट म्हणता येत नाही, कारण नकला होत राहिल्या. पण त्या कशा वाजवाव्यात याची गुरुमुखातून चालत आलेली परंपरा मात्र टिकली नाही. 1824 साली पॅरिसच्या जाने ए कोतेल या प्रकाशनगृहाने पहिली छापील आवृत्ती काढली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर या रचनांना ‘सोनाटा किंवा एत्यूद’, म्हणजे सरावाचे पाठ, असे म्हटले होते. संपादक चेलोवादक लुई-पिएर नॉर्ब्लँ होता. तिचा पाठ उत्तरार्धातल्या दोन हस्तलिखितांच्या शाखेला जवळचा आहे. अठराव्या शतकातली त्या शाखेची काही वैशिष्ट्ये फक्त इथेच सापडत असल्यामुळे आजचे संपादक या छापील आवृत्तीलाही पाचवा आधारग्रंथ मानतात. पुढच्याच वर्षी लाइपझिगमध्ये प्रोब्स्टने आवृत्ती काढली आणि 1826 साली ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या तिथल्याच प्रकाशकाने ड्रेस्डेनचा चेलोवादक फ्रीडरिश डोट्झाउअर (1783–1860) याने संपादित केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. डोट्झाउअर मोठा शिक्षक होता. त्याने बोटांचे आकडे आणि गजाच्या खुणा घातल्या, कारण त्याच्या दृष्टीने ही विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची पुस्तके होती.

लाइपझिग त्या काळी युरोपातल्या संगीतप्रकाशनाची राजधानी होत चालले होते, आणि तिथली छपाईची रीत समजून घेतली तर या आवृत्त्या इतक्या ठाम का दिसतात हे कळते. संगीताचे पान कोरण्यासाठी कथिलाच्या मिश्रधातूचा मऊ पत्रा वापरत. कारागीर आधी पाच दातांच्या हत्याराने पाच रेघांची ओळ ओढून घेई आणि मग प्रत्येक स्वराची जागा मोजून आखून ठेवी. स्वरांची डोकी आणि इतर ठरावीक चिन्हे पोलादी ठशांवर हातोडी मारून उमटवली जात. स्वरांचे दांडे आणि स्लर मात्र हातानेच कोरावे लागत. हे सारे उलटे, आरशात दिसावे तसे कोरायचे असे. चूक झाली तर पत्र्याला मागून ठोकून तो भाग सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा. मुद्रणाच्या पुढच्या टप्प्यात पत्र्यावरची प्रतिमा दगडावर उतरवून शिळाछापाने प्रती काढू लागले, आणि प्रतींची संख्या वाढून किंमत उतरली. प्रत्येक पत्र्याला प्रकाशकाचा क्रमांक असे. तारखा न छापलेल्या आवृत्त्यांचा काळ ठरवायला इतिहासकारांना आज तेच क्रमांक कामी येतात. पण या रीतीत संदिग्धतेला जागा नव्हती. हस्तलिखितातली स्वरांपासून लांब सरकलेली रेघ पत्र्यावर तशीच अनिश्चित कोरता येत नसे. ती कुठल्या तरी स्वरापासून सुरू करून कुठल्या तरी स्वरावर संपवावीच लागे. एकदा ती कोरली, की वाचणाऱ्याच्या लेखी तीच बाखची रेघ ठरे.

एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांना यात काही वावगे वाटत नव्हते. वाद्य आणि गज दोन्ही बदलले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स्वा तुर्तने गजाला जे नवे रूप दिले, त्याने लांब, सलग आणि एकसारख्या जोराचा स्वर काढणे सोपे झाले. जुना गज मात्र प्रत्येक ओढीच्या सुरुवातीला आणि शेवटाला स्वर आपोआप हलका करत असे. नव्या गजाच्या हातात लांब स्लर शोभत, आणि ऐकणाऱ्यांची अभिरुचीही तशीच होती. त्यामुळे बाखच्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या जागी लांब ओळी आल्या. मूळ हस्तलिखितांत जवळजवळ नसलेल्या, आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या खुणा पानोपानी पसरल्या.

या प्रवृत्तीचे टोक म्हणजे ड्रेस्डेनचा चेलोवादक फ्रीडरिश ग्र्युट्झमाखर (1832–1903) याची मैफलीसाठीची आवृत्ती. 1860च्या दशकात लाइपझिगच्या पेटर्सने ती प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने जादा सुरावटी आणि स्वरसमूह घातले, पाठ बदलला, आणि बाखची रचना एका मोठ्या दालनातल्या श्रोत्यांना भावेल अशी केली. त्यानेच पुढे 1895 साली बोकेरिनीच्या वेगवेगळ्या रचनांमधले भाग एकत्र करून बोकेरिनीचा बी फ्लॅट मेजरमधला चेलो कॉन्चेर्तो छापला, आणि तो त्याच रूपात अनेक दशके वाजवला गेला. ग्र्युट्झमाखरला आज सहज नावे ठेवता येतात, पण त्याच्या काळाची समज वेगळी होती. जुनी रचना जिवंत ठेवायची तर ती आजच्या मंचावर उभी राहिली पाहिजे, असे तेव्हा मानले जाई. रॉबर्ट शुमानने 1853 साली याच हेतूने सहाही सुईटना पियानोची साथ लिहिली. त्यांतली फक्त तिसऱ्या सुईटची साथ टिकली.

याच शतकात दुसरा प्रवाहही सुरू झाला. फेर्डिनांड डाव्हिडने 1843 साली बाखच्या व्हायोलिनरचना प्रसिद्ध करताना आपल्या वादनखुणा असलेल्या पाठासोबत मूळ पाठही छापला. वाचकाला दोन्ही दिसावेत ही कल्पना त्या काळी नवी होती. 1850 साली, बाखच्या शंभराव्या स्मृतिवर्षी, बाख-गेझेलशाफ्ट ही संस्था स्थापन झाली आणि तिने बाखचे समग्र संगीत छापायचे काम हाती घेतले. या मालेच्या सत्ताविसाव्या खंडात 1879 साली आल्फ्रेड ड्योर्फेलने संपादित केलेल्या चेलो सुईट आल्या. त्यात बोटांचे आकडे नव्हते, वादकासाठी केलेली सोय नव्हती, होता तो हस्तलिखितांवर आधारलेला पाठ. पण हे जाडजूड खंड वर्गणीदारांकडे आणि ग्रंथालयांत जात. वादकाच्या स्टँडवर पेटर्ससारख्या प्रकाशकांची स्वस्त, खुणांनी भरलेली पुस्तकेच असत. पेटर्सने 1867 साली सुरू केलेल्या स्वस्त मालेने अभिजात संगीत मध्यमवर्गीय घरांत पोचवले. चेलोवादक युलिउस क्लेंगेल आणि हुगो बेकर यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आवृत्त्याही गुरूने शिष्याला द्यायच्या खुणांसारख्याच होत्या. संशोधकाची आवृत्ती आणि वादकाची आवृत्ती असे दोन वेगळे मार्ग अशा रीतीने पडले.

सुईटना मैफलीत मानाचे स्थान मिळाले ते पाब्लो कासाल्समुळे (1876–1973). तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला या सुईटची प्रत सापडली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ती ग्र्युट्झमाखरची आवृत्ती होती. कासाल्सने अनेक वर्षे सराव करून त्या पूर्ण सुईट म्हणून मैफलीत आणल्या. 1936 ते 1939 या काळात त्याने केलेल्या ध्वनिमुद्रिकांनी एरवी सरावाचे पाठ समजली जाणारी ही पुस्तके जगभरच्या श्रोत्यांपर्यंत नेली. कासाल्सने स्वतःची छापील आवृत्ती काढली नाही. त्याच्या वर्तुळातला शिक्षक दिरान अलेक्सानियन याने 1929 साली पॅरिसमध्ये आवृत्ती काढली. आना माग्दालेनाच्या हस्तलिखिताची छायाप्रतही त्याने तिच्यात छापली. त्याच्या स्वतःच्या खुणा अतिशय दाट आणि गुंतागुंतीच्या आहेत. तरी त्या पटल्या नाहीत तर मूळ पाने तपासून पाहायची सोय वादकाला या आवृत्तीने करून दिली.

दुसऱ्या महायुद्धाने लाइपझिगचा हा उद्योग उद्ध्वस्त केला. डिसेंबर 1943 मधल्या बॉम्बहल्ल्यात शहरातला प्रकाशकांचा भाग जळाला आणि असंख्य पत्रे व साठे नष्ट झाले. युद्धानंतर केंद्र पश्चिम जर्मनीकडे सरकले. ग्युंटर हेन्ले याने 1948 साली स्थापन केलेल्या प्रकाशनगृहाने ‘उर्टेक्स्ट’, म्हणजे संपादकाच्या मर्जीने न बदललेला मूळ पाठ, हेच आपले ब्रीद केले. ही संज्ञा नवी नव्हती. 1890च्या दशकात बर्लिनच्या कला अकादमीच्या मालेत ती आली होती. पण युद्धोत्तर काळात तिने बाजारात जम बसवला. कासेलच्या बेरेनराइटरने 1950 साली आउगुस्ट व्हेन्झिंगरची आवृत्ती काढली. जुन्या वाद्यांचा अभ्यासक असलेल्या या वादकाने पाठभेद नोंदवले आणि आपल्या खुणा मुळापासून वेगळ्या दाखवल्या. पुढच्या पिढीत पॉल तोर्तलिए आणि पिएर फूर्निए यांनीही आवृत्त्या काढल्या. त्या कलावंताच्या वाचनाच्या नोंदी म्हणूनच वाचल्या जातात, आणि म्हणूनच त्यांचे मोल टिकून आहे.

हस्तलिखितांच्या शोधाचे महत्त्व या काळात चेलोच्या इतर साहित्यातही दिसले. हायडनच्या डी मेजर कॉन्चेर्तोची त्याच्या हातची प्रत 1950च्या दशकात पुन्हा मिळाल्यावर, तो त्याचा शिष्य आंटोन क्राफ्टचा असावा हा जुना संशय मिटला. त्याच हायडनचा सी मेजर कॉन्चेर्तो हरवलेला समजला जात होता, तो 1961 साली प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओल्द्रिझिख पुल्केर्तला सापडला. बाखच्या सुईटच्या बाबतीत असा शोध लागलेला नाही. म्हणून इथे संपादकाला उपलब्ध नकलांचा मेळ घालण्याच्या पद्धतीतच सुधारणा करावी लागली. बाखच्या नव्या समग्र आवृत्तीत हान्स एपश्टाइनने 1988 साली दोन वेगळे पाठ छापले : एक केल्नर आणि आना माग्दालेना यांच्या प्रतींवर, दुसरा उत्तरार्धातल्या दोन प्रतींवर. सगळ्यांची सरासरी काढून एकच पाठ तयार करण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक होते, कारण अशा सरासरीचा पाठ अठराव्या शतकात कोणीच वाजवलेला नसतो.

2000 साली, बाखच्या मृत्यूला 250 वर्षे झाली तेव्हा, हेन्ले, ब्राइटकॉफ आणि बेरेनराइटर यांच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्यांतली बेट्टिना श्वेमर आणि डग्लस वुडफुल-हॅरिस यांनी बेरेनराइटरसाठी केलेली आवृत्ती सर्वांत दूरगामी ठरली. छापील पाठाबरोबर तिच्यात चारही हस्तलिखितांच्या आणि 1824च्या पहिल्या आवृत्तीच्या छायाप्रती दिल्या. 2016 साली सुधारित समग्र आवृत्तीत अँड्र्यू टॅलीने या सगळ्या आधारांचे नाते नव्याने तपासले. याच काळात ग्रंथालयांनी आपली हस्तलिखिते संगणकावर खुली केली, आणि 2006 साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय संगीतसंग्रहाने डोट्झाउअरपासून क्लेंगेलपर्यंतच्या जुन्या आवृत्त्या विनामूल्य उपलब्ध केल्या.

या दोनशे वर्षांत संपादकाचे काम उलटे झाले. ग्र्युट्झमाखरच्या काळी निर्णय घेऊन टाकणे हे त्याचे कर्तव्य होते. आज निर्णय कुठे घ्यावा लागतो ते दाखवणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. त्याचा भार वादकावर आला आहे. पहिल्या सुईटच्या प्रील्यूडमधला एक स्लर ठरवण्यासाठी विद्यार्थ्याला आता चार जुन्या हातांची अक्षरे वाचावी लागतात, जुन्या आणि नव्या गजातला फरक समजून घ्यावा लागतो आणि मग स्वतःच्या कानावर भिस्त ठेवावी लागते. चांगल्या आवृत्तीची कसोटीही त्यामुळे बदलली आहे : आधारांत काय आहे, त्यात संपादकाने काय बदलले आणि काय वादकावर सोडले, हे तिच्या पानावर वेगवेगळे ओळखता आले पाहिजे.